एका वर्षाचे तीन हिशेब: वूंडेड वॉरियर प्रोजेक्टच्या नेतृत्वाचं प्रकरण

अमेरिकेतल्या ‘वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट’ या संस्थेच्या २०१४ या एकाच आर्थिक वर्षाबद्दल तीन वेगवेगळे आकडे सापडतात. मिळालेल्या दर शंभर डॉलरमधले किती डॉलर जखमी सैनिकांच्या कामी आले, एवढाच प्रश्न. संस्थेच्या लेखापरीक्षित हिशेबानुसार ८०.६. धर्मादाय संस्थांना गुण देणाऱ्या ‘चॅरिटी नेव्हिगेटर’च्या मते साधारण ६०. सिनेटर चक ग्रासली यांनी मे २०१७ मध्ये जाहीर केलेल्या अहवालाप्रमाणे ६८ च्या आसपास. तिन्ही आकडे त्याच वह्यांतून निघालेले.

पैसा कोणी खिशात घातल्याचं यातल्या कोणत्याही तपासणीतून पुढे आलं नाही. तरीही १० मार्च २०१६ रोजी संस्थेच्या संचालक मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्हन नार्डिझी आणि त्यांचे उजवे हात, कामकाजप्रमुख अल जिओर्दानो, या दोघांना पदावरून दूर केलं. आर्थिक वर्ष २०१५ मध्ये सुमारे ३७ कोटी डॉलर असलेलं उत्पन्न दोन वर्षांत २१-२२ कोटींवर आलं. चोरी झाली नसताना एवढी मोठी पडझड का झाली, हा या प्रकरणाचा गाभा आहे. माझ्या मते तिचं मूळ उधळपट्टीच्या बातम्यांपेक्षा जुनं आहे. देणगीदाराला सांगायची गोष्ट आणि वहीत लिहायची नोंद यांच्यात अंतर पडत गेलं. ते मंडळाला दिसायला हवं होतं, पण उत्पन्न दरवर्षी वाढत होतं आणि वाढत्या उत्पन्नाला सहसा कोणी प्रश्न विचारत नाही.

सुरुवात मात्र अगदी साध्या गरजेतून झाली. जॉन मेलिया हे मरीन कोअरमधले सैनिक. १९९२ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि ते गंभीर जखमी झाले. इराकचं युद्ध सुरू झालं त्या वर्षी, २००३ मध्ये, त्यांनी व्हर्जिनियातल्या रोअनोक इथून काही मित्रांच्या मदतीने पाठीवरच्या पिशव्या भरून जखमींना द्यायला सुरुवात केली. रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकाचा गणवेश उपचारासाठी कापून काढतात, त्याचं सामान मागेच तळावर राहतं, आणि जर्मनीतल्या लष्करी रुग्णालयातून तो वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाला किंवा बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयाला पोचतो तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचं असं काहीही नसतं. पिशवीत कपडे, दाढी-अंघोळीचं सामान, पत्ते, गाणी ऐकायला सीडी प्लेयर. मेलियांनी हे स्वतः भोगलं होतं, म्हणून काय लागतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

हे काम आधी न्यूयॉर्कच्या ‘युनायटेड स्पायनल असोसिएशन’ या मणक्याच्या दुखापतींवर काम करणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली चाललं. नार्डिझी तिथले वकील. ते कधी सैन्यात नव्हते. २००५ मध्ये मूळ संस्थेने २७ लाख डॉलर देऊन प्रोजेक्टला वेगळं केलं आणि २००६ मध्ये मुख्यालय फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला गेलं.

या सुरुवातीच्या काळाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढच्या गदारोळात ती विसरली गेली. हातपाय गमावलेला सैनिक महिनोन्‌महिने रुग्णालयात असतो. त्याची बायको किंवा आईवडील नोकरी सोडून दुसऱ्या राज्यात त्याच्या उशाशी येऊन राहतात आणि घराचे हप्ते थकतात. मृत सैनिकाच्या विम्याची सोय होती, पण जगलेल्यासाठी तातडीची रक्कम नव्हती. जखमी सैनिकांना सोबत घेऊन या संस्थेने अमेरिकी काँग्रेसकडे पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये गंभीर दुखापतीसाठी २५ हजार ते १ लाख डॉलर देणारी विमा योजना कायद्याने आली. ७ ऑक्टोबर २००१ पासून जखमी झालेल्यांनाही ती लागू झाली. २०१० मध्ये घरी शुश्रूषा करणाऱ्या नातलगांना भत्ता आणि प्रशिक्षण देणारा कायदा झाला, त्यामागेही ही संस्था होती. जॅक्सनव्हिलच्या दप्तरातला कुठलाही टक्का या दोन कायद्यांचं मोल दाखवू शकत नाही. मागणी रेटणाऱ्यांचे पगार प्रशासकीय खर्चात धरा किंवा कामाच्या खर्चात, ज्यांना ती रक्कम मिळाली त्यांचं घर वाचलं.

आपल्याकडे सैनिक कल्याणाचं काम बरंचसं सरकारी चौकटीत चालतं. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत गोळा होतो. अमेरिकेत सरकारचं माजी सैनिक खातं अवाढव्य आहे, तरी त्याच्या बाहेर खासगी संस्थांचं मोठं जग उभं आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या युद्धांत ५० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक जखमी झाले. चिलखतं आणि वेगवान वैद्यकीय वाहतुकीमुळे आधीच्या युद्धांत मेले असते असे अनेक जण वाचले. मेंदूला बसलेला हादरा आणि मनावरचा आघात घेऊन घरी आलेल्यांची तर वेगळीच गणती. टीव्हीवर त्यांचे चेहरे दिसले की लोक भरभरून देत होते.

जानेवारी २००९ मध्ये मेलिया संस्थेतून बाहेर पडले आणि सूत्रं नार्डिझींकडे आली. त्यांचा विचार स्पष्ट होता आणि तो ते जाहीरपणे मांडत. धर्मादाय संस्थेने गरिबासारखं राहायचं, स्वस्तात माणसं राबवायची, जाहिरातीवर खर्च करायचा नाही, ही अपेक्षाच चुकीची आहे. प्रश्न मोठा असेल तर संस्था मोठी व्हायला हवी आणि त्यासाठी उद्योगांसारखी गुंतवणूक करायला हवी. यात तथ्य आहे आणि मी ते मानतो. एका हुशार मानसोपचारतज्ज्ञाला बाजारभावापेक्षा निम्म्या पगारात ठेवण्याचा हट्ट धरला तर नुकसान शेवटी रुग्णाचंच होतं.

आकड्यांनी त्यांना साथही दिली. २०१० मध्ये ४ कोटी डॉलरच्या आसपास असलेलं वार्षिक उत्पन्न २०१३ मध्ये २३ कोटींवर आणि २०१४ मध्ये ३४ कोटींवर गेलं. कर्मचारी ५०० च्या घरात पोचले. संस्थेशी जोडलेल्या माजी सैनिकांची संख्या ८० हजारांच्या वर गेली. जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन चालणाऱ्या सैनिकाचं काळं-पांढरं बोधचिन्ह टी-शर्टवर, गाड्यांवर, दुकानांच्या गल्ल्यावर सगळीकडे दिसू लागलं.

या चढत्या काळातच स्वभाव बदलल्याची चिन्हं होती. संस्थेने आपल्या नावाचं आणि बोधचिन्हाचं रक्षण कोर्टकचेऱ्या करून केलं. नेब्रास्कातल्या जवळपास त्याच नावाच्या एका संस्थेविरुद्धच्या खटल्यात ज्यूरीने सुमारे १७ लाख डॉलरची भरपाई दिली. तिथे बाजू योग्य होती असं म्हणायला जागा आहे, कारण देणगीदारांची फसगत होऊन पैसे भलतीकडे गेले होते. पुढे मात्र गावपातळीवरच्या छोट्या सैनिकी मंडळांनाही नाव आणि चिन्हावरून वकिलांची पत्रं जाऊ लागली. जखमी सैनिकांसाठी दोन-चार जणांनी चालवलेल्या एखाद्या मंडळाचे पैसे वकिलांत जाणं, तेही त्याच सैनिकांच्या नावाने उभ्या असलेल्या बड्या संस्थेमुळे, हे मला या प्रकरणातलं सर्वांत दुखरं वाटतं. कायद्याने हक्क असतो म्हणून तो दर वेळी बजावायचा का, हे ठरवणं नेतृत्वाचं काम असतं.

जानेवारी २०१६ च्या शेवटच्या आठवड्यात सीबीएस न्यूज आणि न्यूयॉर्क टाइम्सने पाठोपाठ बातम्या दिल्या. माजी कर्मचारी बोलले होते, त्यांत स्वतः जखमी झालेले सैनिकही होते. परिषदा आणि बैठकांवरचा खर्च २०१० मध्ये १७ लाख डॉलर होता, तो २०१४ मध्ये २.६ कोटींवर गेला होता. २०१४ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या ब्रॉडमोर या पंचतारांकित हॉटेलात सर्व कर्मचाऱ्यांचं संमेलन झालं आणि नार्डिझी दोराच्या साहाय्याने उंच इमारतीवरून खाली गर्दीत उतरले. माजी कर्मचाऱ्यांच्या अंदाजाने या संमेलनाला ३० लाख डॉलर लागले. संस्थेने हा आकडा १० लाखांच्या आत असल्याचं सांगितलं. नार्डिझींचा वार्षिक मोबदला ४ लाख ७३ हजार डॉलर होता. एवढ्या आकाराच्या अमेरिकी संस्थेच्या प्रमुखाला इतका पगार असणं नवलाचं नाही. पण पाय गमावलेला माणूस टीव्हीच्या जाहिरातीत दरमहा १९ डॉलर मागत असताना प्रमुख हॉटेलच्या इमारतीवरून दोराने उतरतो, हे एका पडद्यावर शेजारी-शेजारी दिसलं की पगाराच्या बाजारभावाचा युक्तिवाद कोणी ऐकत नाही.

संस्थेने आधी आरोप फेटाळले. देणगीदार शांत झाले नाहीत. गोल्फच्या सामन्यांतून सव्वातीन लाख डॉलर जमवून देणाऱ्या एका कुटुंबाने आपला उपक्रम थांबवला आणि नार्डिझींना हटवण्यासाठी सह्यांची मोहीम काढली. मंडळाने सिम्प्सन थॅचर अँड बार्टलेट ही वकिली कंपनी आणि एफटीआय कन्सल्टिंग ही सल्लागार कंपनी यांच्याकडून तपासणी करवून घेतली.

तपासणीचा निष्कर्ष बातम्यांइतका भडक नव्हता. परिषदा-कार्यक्रमांवरच्या २.६ कोटींपैकी ९४ टक्के खर्च सैनिकांसाठीच्या उपक्रमांशी निगडित होता. माजी सैनिकांची एकत्र शिबिरं, कुटुंबांसाठीचे मेळावे यांनाही हॉटेल आणि प्रवास लागतोच. विमानाच्या वरच्या वर्गाचा प्रवास एक टक्क्याहून कमी होता. पण संस्था ज्या वेगाने वाढली त्या वेगाने तिची धोरणं आणि नियंत्रणं वाढली नाहीत, आणि कर्मचारी संमेलनांचा थाट संस्थेच्या कामाला साजेसा नव्हता, अशी कबुली मंडळाने दिली. दोघे गेले. दोघांनीही बातम्या चुकीच्या असल्याचं म्हणणं पुढेही सोडलं नाही.

आता त्या तीन आकड्यांकडे येतो. कोणत्याही ट्रस्टच्या कारभारात असलेल्या माणसाने समजून घ्यावं असं इथेच आहे.

पहिला मुद्दा फुकट मिळालेल्या प्रसिद्धीचा. टीव्ही वाहिनीने संस्थेची जनहित जाहिरात मोफत दाखवली, तर त्या वेळेची बाजारातली किंमत देणगी म्हणून जमेला धरता येते आणि तेवढीच रक्कम कामावरचा खर्च म्हणून नावे टाकता येते. काल्पनिक उदाहरण घ्या. एका संस्थेने १०० डॉलर खर्च केले, ६० सैनिकांवर आणि ४० इतरत्र. तिला ५० डॉलर किमतीचा जाहिरातीचा वेळ फुकट मिळाला. नोंद झाल्यावर एकूण खर्च १५० आणि कामावरचा खर्च ११०. टक्केवारी ६० वरून ७३ झाली. सैनिकाच्या हाती एक डॉलरही जास्त पडला नाही.

दुसरा मुद्दा एकत्र खर्चाचा. संस्था लाखो घरांना देणगीची पत्रं पाठवते. त्याच पत्रात मानसिक आघाताची लक्षणं कशी ओळखावीत, माजी सैनिकाशी कसं वागावं अशी माहिती घातली, तर छपाई आणि टपालाचा काही हिस्सा ‘जनजागृती’ म्हणून कामाच्या खर्चात घालता येतो. अमेरिकेच्या लेखा नियमांना हे मान्य आहे, अटी पाळल्या तर. चॅरिटी नेव्हिगेटरने तेव्हा हा हिस्सा कामाचा खर्च मानला नाही. ग्रासलींच्या अहवालाने या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवलं आणि म्हणूनच ८०.६ चे ६८ झाले.

संस्थेने नियम मोडला नाही. नियमाने काढलेला आकडा तिने अशा लोकांपुढे ठेवला ज्यांना तो नियम ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. नाशिकच्या किंवा नेब्रास्काच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने ‘दर शंभरातले ऐंशी सैनिकांना’ हे वाचलं तर त्याच्या डोळ्यांपुढे कृत्रिम पाय येतो, समुपदेशन येतं, व्हीलचेअरसाठी बांधलेला उतार येतो. टपालखर्चाचा वाटा येत नाही. नार्डिझींना जर खरोखर वाटत होतं की संस्थेच्या वाढीवर खर्च करणं लाजिरवाणं नाही, तर ‘आम्ही शंभरातले साठ थेट कामावर घालतो, उरलेल्यातून उद्याचे शंभर उभे करतो’ असं सांगायला हरकत नव्हती. तो वाद ते व्यासपीठांवर लढले आणि पत्रकावर मात्र ऐंशीचाच आकडा राहिला. या विसंगतीची किंमत संस्थेने मोजली असं मी मानतो.

मंडळाबद्दल जास्त बोललं गेलं नाही, ते बोलायला हवं. अध्यक्ष होते अँथनी ओडिएर्नो. वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीचे पदवीधर, लष्करातले निवृत्त कॅप्टन. २००४ मध्ये बगदादमध्ये रॉकेटच्या माऱ्यात त्यांचा डावा हात गेला. त्यांचे वडील रे ओडिएर्नो पुढे अमेरिकी लष्कराचे प्रमुख झाले. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यापैकीच एक माणूस अध्यक्षपदी होता, आणि तरी २.६ कोटींचा आकडा वर्तमानपत्रात येईपर्यंत स्वतंत्र तपासणी झाली नाही. जिओर्दानोही मरीनमधूनच आलेले. त्यामुळे ‘सैन्यात नसलेला माणूस प्रमुख झाला म्हणून असं झालं’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही. गणवेशामुळे जखमेची जाण येते. संमेलनाच्या अंदाजपत्रकाला मंजुरी कोणी द्यायची, देणगीच्या पत्रावरचा आकडा छापण्याआधी कोणी तपासायचा, हे लिहून ठेवावं लागतं, आणि ते कागद संस्था ४ कोटींची असतानाच तयार व्हायला हवे होते. ओडिएर्नोंच्या बाजूने एक सांगायला हवं: बातम्या आल्यावर त्यांनी सहा-सात आठवड्यांत बाहेरची तपासणी पूर्ण करून निर्णय घेतला आणि मधल्या काळात कार्यकारी जबाबदारी स्वतः उचलली. त्या निर्णयाआधीच्या वर्षांचा जाब मात्र दोघा अधिकाऱ्यांनी दिला, मंडळाने दिला नाही.

जुलै २०१६ मध्ये निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल लिनिंग्टन प्रमुख झाले. त्याआधी ते युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या सरकारी संस्थेचे संचालक होते. पगार २ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे आधीच्यापेक्षा बराच कमी. पहिल्याच काही आठवड्यांत त्यांनी सुमारे १५ टक्के कर्मचारी कमी केले, वरिष्ठ अधिकाऱ्यांची पदं निम्म्यावर आणली, नऊ कार्यालयं बंद केली आणि पैसा मानसिक आरोग्य व दीर्घकालीन काळजीकडे वळवला. थाटाची संमेलनं थांबली. पुढे कामकाज सुरळीत होत गेलं आणि विश्वासार्हता तपासणाऱ्या बेटर बिझनेस ब्युरो या संस्थेच्या धर्मादाय विभागाची मान्यताही परत मिळाली.

पण उत्पन्न खाली येतच होतं. देणगीदाराने पाठ फिरवून कोणाला शिक्षा केली, हे पाहिलं पाहिजे. नार्डिझी आणि जिओर्दानो तर आधीच गेले होते. कमी झालेले कोटी रुग्णालयातल्या खाटेवरच्या, नोकरी शोधणाऱ्या, रात्री झोप न लागणाऱ्या माणसांच्या वाट्याचे होते. कपात झालेल्यांतही माजी सैनिक होते. देणगीदाराचा राग मी समजू शकतो, तो न्याय्य होता. तरी प्रमुख बदलल्यावर, बाहेरची तपासणी झाल्यावर, नवे नियम लागू झाल्यावरही पैसा थांबवून ठेवला तर त्याची झळ ज्याच्यासाठी राग आला त्यालाच लागते. दुसऱ्या एखाद्या चांगल्या संस्थेला ती देणगी गेली असेल तर प्रश्नच नाही. सगळी गेली असेल असं मला वाटत नाही.

लिनिंग्टन जवळपास आठ वर्षं राहिले. २०२४ मध्ये त्यांच्या जागी आणखी एक निवृत्त लेफ्टनंट जनरल, वॉल्टर पिअट, आले.

श्रेयाचा एक हिशेब मात्र या सगळ्यात राहून जातो. मानसिक आघात आणि मेंदूच्या दुखापतीवर काही आठवड्यांचे सलग, सघन उपचार देणारं ‘वॉरियर केअर नेटवर्क’ हे संस्थेचं आजचं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणता येईल. बॉस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल, अटलांटाचं एमरी, शिकागोचं रश आणि लॉस एंजेलिसचं यूसीएलए अशी चार विद्यापीठीय रुग्णालयं त्यात आहेत. संस्थेसह सर्व भागीदारांचे मिळून तीन वर्षांत १० कोटी डॉलर घालायचं ठरलं. ही घोषणा २०१५ मध्ये, नार्डिझींच्या कारकिर्दीत झाली, आणि त्यांच्याच काळात उभ्या राहिलेल्या निधीवर ती शक्य झाली. उपचार सुरू झाले ते जानेवारी २०१६ मध्ये, बातम्या फुटल्या त्याच महिन्यात. लिनिंग्टन यांनी कर्मचारी कापले, कार्यालयं बंद केली, पण हे काम हातचं सोडलं नाही. २०१८ मध्ये त्यांनी त्यासाठी आणखी १६ कोटी डॉलरची हमी दिली.